तिरोडीहून गंधर्वांच्या थेटरात

तिरोडी स्टेशनात तुमसरची गाडी लागलीय. चला, चढा! पायावरची मँगनीजची काळी धूळ झटकू नका, असू द्या. तुमसर रोडला गाडी बदलायची आणि नागपूर, भुसावळ, कल्याण करत पुणं गाठायचं. उतराल तेव्हा शंभर वर्षं मागे पडलेली असतील.

थेटरात ‘स्वयंवर’ लागलंय. दंडारीला रात्र-रात्र बसणारे तुम्ही, जागरणाला कशाला भ्याल? पण उकाडा! सदरा पाठीला चिकटलाय, शेजाऱ्याच्या उपरण्याला तपकिरीचा वास, पुढे पानांची देवघेव, वर बायकांकडे बांगड्यांची किणकिण आणि मध्येच एका तान्ह्याचं भोकाड. तिसरी घंटा होते. नांदी सरते. मग अत्तराची झुळूक येते आणि तिच्यामागून कुजबुज: “नारायणराव आले!”

समोर रुक्मिणी उभी. हे नारायण श्रीपाद राजहंस, आपले बालगंधर्व, हे पक्कं ठाऊक असूनही डोळे ऐकत नाहीत. 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आल्यापासून ते बायकांचीच कामं करतायत. नीट पाहा. शालू खरा आहे, जरीचा. पदर खांद्यावरून ओघळतो न ओघळतो तोच दोन बोटांनी सावरला जातो. बस्स, एवढंच. वरच्या बांगड्या एकदम गप्प! उद्या कितीतरी घरांत पदर अगदी तस्साच सावरला जाणार आहे.

कादरबक्षांची सारंगी सुराला बिलगते. पद संपतं. “वन्समोर!” तुम्हीही ओरडताय, बाकावर चढून. तेच पद पुन्हा येतं, पण तान नवी. पुन्हा वन्समोर. घसा बसला तरी तुमचं समाधान होत नाही, आणि नारायणराव प्रेक्षकांना मायबाप मानणारे; नाही कसं म्हणतील?

आता डोळे मिटा. उघडा. 1935, पुण्यातलाच प्रभातचा स्टुडिओ. नारायणरावांची स्वतःची नाटक मंडळी कर्जात बुडालीय आणि ते शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथ महाराज झालेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुरुषवेषात. शालू नाही, गजरा नाही.

दिव्यांची धग तोंडावर येते, तापलेल्या रंगाचा वास नाकात बसतो. समोर काळा कॅमेरा. त्याच्यामागे चार-दोन माणसं, श्वास धरून. सारंगीवरून उतरणारा तोच आवाज तुमच्या अंगावर काटा आणतो. ओळ संपते. तुमचा हात आपोआप वर जातो, तोंड उघडतं, आणि शेजारचा माणूस तुमचं मनगट घट्ट धरतो.

माईक चालू आहे.