एच्. पी. आणि इतर अक्षरें



ज्या घरांत बारा-पंधरा वर्षांचा मुलगा आणि संगणक हीं दोन्ही एकत्र नांदत आहेत, त्या घरांतील वडील माणसांच्या कानांवर सध्यां एक चमत्कारिक भाषा पडत असेल. "माझा एच्. पी. संपत आला," "आधीं तो मॉब मार," "एक्स्. पी. किती मिळाला?" अशीं वाक्यें मिटल्या दारामागून ऐकूं येतात. ही निव्वळ अर्थहीन बडबड होय, असा निकाल परवां माझ्या एका स्नेह्यांनीं दिला. मला तो मान्य झाला नाहीं. ह्या तुटक अक्षरांनाहि कुळी आहे, आणि ती वाटते त्यापेक्षां बरीच जुनी आहे.

राक्षस, जादूगार, भुयारें व खजिने यांनीं भरलेल्या ज्या खेळांत खेळणारा एखाद्या वीराची भूमिका घेतो, त्या खेळांची ही परिभाषा. एच्. पी. म्हणजे हिट् पॉइंट्स. वीराच्या अंगीं घाव सोसण्याची शक्ति किती शिल्लक आहे तें सांगणारा आंकडा. घाव बसला कीं आंकडा घटतो, शून्यावर आला कीं वीर संपला. पण ही कल्पना मुळांत वीरासाठीं नव्हतीच. ती जहाजासाठीं होती.

अमेरिकेच्या यादवी युद्धांत ९ मार्च १८६२ रोजीं 'मॉनिटर' व 'व्हर्जिनिया' हीं दोन चिलखती जहाजें कित्येक तास एकमेकांवर तोफा डागीत राहिलीं आणि दोन्ही न बुडतां परत गेलीं. आदल्याच दिवशीं 'व्हर्जिनिया'नें दोन लाकडी जहाजांचा निकाल लावला होता. लोखंडापुढें मात्र तिचे गोळे व्यर्थ ठरले. अशी झुंज टेबलावर मांडावयाची, तर चिलखताचा दर्जा काय आणि किती गोळे लागल्यावर जहाज निकामी होतें, याचा हिशेब ठेवावाच लागतो. मिनेसोटा प्रांतांतील डेव्ह आर्नेसन हे गृहस्थ असे युद्धखेळ रचीत. १९७० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांनीं आपल्या मित्रांना जहाजांवरून उतरवून 'ब्लॅकमूर' नांवाच्या कल्पित राज्यांत नेलें. तेथें आरंभीं फांशांचें एक वाईट दान पडलें कीं वीर ठार होई. आर्नेसन यांनीं पुढें सांगितलें आहे तें असें कीं, मित्रांना आपापल्या पात्रांचा लळा लागला होता. एका फटक्यासरशीं त्यांचें मरण त्यांना सोसवेना. तेव्हां जहाजांचा हिशेब त्यांनीं माणसांना लावला.

ह्या ठिकाणीं मला नेहमीं थोडें थांबावेंसें वाटतें. सैन्याच्या खेळांत प्यादें मेलें तर कोणी हळहळत नाहीं. आपणहि बुद्धिबळांत तें सहज उचलून बाजूला ठेवतों. त्या प्याद्याला नांव मिळालें आणि त्याचें मरण लांबवावेंसें वाटूं लागलें, तेव्हां हा आंकडा जन्मला. आज जगभरच्या पडद्यांवर रोज घटणारी ती तांबडी पट्टी मूळची अशी दयेपोटीं आलेली आहे.

१९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व आर्नेसन यांच्या नांवानें 'डन्‌जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपानें निघाला. त्यांत एक्स्. पी., म्हणजे अनुभवाचे गुण, शत्रूला मारून मिळत तसे भुयारांतून आणलेल्या सोन्याबद्दलहि मिळत. धन आलें कीं शहाणपण आलें, हा न्याय आमच्याकडील पुष्कळांना पटेल! 'लेव्हल' हा शब्द तर वीराची पायरी, मंत्राचा दर्जा, राक्षसाचें बळ आणि भुयाराचा मजला अशा चार अर्थांनीं राबूं लागला. ह्या घोटाळ्याची कबुली गायगॅक्स यांनीं १९७८ च्या ग्रंथांत दिली, पण शब्द तोंवर रुळला होता.

इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ यांनीं १९७८ सालीं अनेकांनीं एकत्र खेळावयाचा संगणकी खेळ सुरू केला, व रिचर्ड बार्टल यांनीं तो वाढविला. त्यांत हालचाल करणाऱ्या प्राण्यांना 'मोबाइल' म्हणत. त्याचाच 'मॉब' झाला. तेथें सारा व्यवहार टंकलिखित अक्षरांचा असे. शत्रू अंगावर आला असतां लांब वाक्य लिहीत बसणारा जगणार कसा? संक्षेपाचें मूळ आळसांत नसून घाईंत आहे. जपानांत १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'नें तर एच्. पी. हीं रोमन अक्षरेंच पडद्यावर ठेवलीं.

आणि ह्या कोशांत एक शब्द आपलाहि आहे. रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा'च्या १९८५ मधील चौथ्या भागाचा नायक कोणा महाराक्षसाला मारून कृतार्थ होत नाहीं. सत्य, करुणा, विनय इत्यादि आठ गुण अंगीं बाणवून त्याला 'अवतार' व्हावें लागतें.

आतां एन्. पी. सी. म्हणजे कोणीहि खेळणारा चालवीत नाहीं असें पात्र. सराईचा मालक, वेशीवरचा पहारेकरी. २०१८ च्या सुमारास हा शब्द इंग्रजी वादांत शिवी झाला. ज्याला स्वतःचा विचार नाहीं, जो ठराविक वाक्यें बोलतो, तो एन्. पी. सी. गेल्या महिन्यांत स्नेह्यांच्याच मुलानें दारीं आलेल्या भाजीवाल्याविषयीं तो शब्द हंसत उच्चारला. मला तें फार लागलें. मीं त्याला जवळ बसवून सांगितलें कीं, आर्नेसन यांच्या टेबलापाशीं सराईचा मालक म्हणजे सूत्रधार स्वतःच असे. विचाराल त्या प्रश्नाचें उत्तर तो जागच्या जागीं देई. तींच तींच वाक्यें पुढें यंत्रानें आणलीं.

"काका, मग त्या सराईवाल्याशीं हवा तितका वेळ बोलतां येई?" त्यानें विचारलें.

येत असे, असें मीं म्हटलें.