आठ ओळींची जागा

आजी गेली तेव्हा मी पुण्यात होतो. मूलला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरवीच्या आधी पेपरात श्रद्धांजली द्यायची ठरली आणि घरातला शिकलेला म्हणून मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं: पतिपरायण पत्नी, प्रेमळ आई, नातवंडांची लाडकी आजी. आठ ओळींची जागा होती. माझा मजकूर तीन ओळींत संपला. उरलेल्या जागेत आम्ही शोकाकुल परिवाराची नावं टाकली.

ते मनात राहिलं. जिने मला वाढवलं तिच्याबद्दल चौथी ओळ मला सुचली नव्हती.

त्याच पावसाळ्यात साधनाताई आमटे यांचं 'समिधा' हातात आलं. चंद्रपूर जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला आमटे हे नाव नवीन नसतं. शाळेची सहल वरोऱ्याला आनंदवनात जातेच. तिथे ऐकलेली गोष्ट आजही पाठ आहे: १९५१ साली बाबा आमटे खडकाळ माळावर आले, सोबत पत्नी, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. त्या यादीत साधनाताई सामानासारख्या येतात, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

त्या मूळच्या नागपूरच्या इंदू घुले. सनातनी वळणाचं, विद्वानांचं घर. मुरलीधर आमटे तेव्हा जटा वाढवलेले, वकिली सोडण्याच्या वाटेवर असलेले गृहस्थ होते. एका लग्नघरात सगळे समारंभात दंग असताना ही मुलगी उठून म्हाताऱ्या मोलकरणीच्या मदतीला गेली, ते त्यांनी पाहिलं आणि मागणी घातली. १८ डिसेंबर १९४६ ला लग्न झालं. इंदूची साधना झाली.

ही गोष्ट नेहमी बाबांच्या पारखीची म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरं काही दिसतं. कुणी न सांगता मोलकरणीच्या मदतीला जाण्याची बुद्धी त्या मुलीकडे लग्नाआधीच होती. सेवा तिला नवऱ्याने शिकवलेली नव्हती.

तो काळही आठवायला हवा. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांना डांबून ठेवता येत होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, आणि ते कलम निघालं २०१९ मध्ये. म्हणजे मी नोकरीला लागल्यानंतर! ज्या रोगासाठी जोडीदाराला सोडायची मुभा कायदा देत होता, त्या रोगाच्या माणसांमध्ये ही बाई दोन तान्ह्या पोरांना घेऊन राहायला गेली. बाबांनी संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले, हे आपण धाडस म्हणून सांगतो. ज्याने टोचून घेतलं तो दोन लहान मुलांचा बाप होता आणि त्याच्या घरात एक बाई चूल पेटवत होती, हे वाक्य त्या गोष्टीत सहसा येत नाही.

माळावर साप-विंचू होते. पाण्यासाठी विहीर खणावी लागली. पुढे भाजी भरपूर पिकली, तर वरोऱ्याच्या बाजारात ती घ्यायला लोक कचरत, कारण ती महारोग्यांच्या हातची. या सगळ्यात रोजचा स्वयंपाक, मुलांची आजारपणं, आल्यागेल्याचं जेवण चालूच होतं. पुढे बाबांचा मणका गेला. त्यांना बसता येईना. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. त्या शरीराची देखभालही साधनाताईंकडेच आली.

१९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, तोवर ते गाव आमच्याच जिल्ह्यात होतं. धाकटा मुलगा प्रकाश आणि सून मंदाकिनी त्या जंगलात राहायला गेले. थोरला विकास आनंदवनात राहिला. पुढे नातवंडंही याच कामात आली. १९९० मध्ये, नातवंडांत रमायच्या वयात, साधनाताई बाबांबरोबर नर्मदेकाठी कसरावदला गेल्या आणि काही वर्षं तिथेच राहिल्या. बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला गेले, त्या ९ जुलै २०११ ला.

आता दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा. १९८५ चा मॅगसेसे पुरस्कार: बाबा आमटे. २००८ चा मॅगसेसे: प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. एका पिढीत बाईचं नाव पुरस्काराच्या ओळीत आलं. मंदाताई डॉक्टर, त्यांचं काम मोजता येतं, अमुक रुग्ण, अमुक बाळंतपणं. सासूबाईंचं काम कुठल्या रकान्यात भरणार? मी डेटाबेसवर काम करतो. ज्या गोष्टीला रकाना नाही ती साठवली जात नाही, आणि पुढच्या माणसाला ती कधी नव्हतीच असं वाटतं.

साधनाताईंनी स्वतः पुस्तक लिहिलं म्हणून ती साठवली गेली. नाव दिलं समिधा, म्हणजे यज्ञात जळणारं लाकूड. या नावात नम्रता आहे असं आपण म्हणतो. मला त्यात हिशेबही दिसतो. अग्नी सगळ्यांना दिसतो. तो कशावर पेटलाय, हे तिने लिहून ठेवलं.

माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. मी मूलला जाऊन तिच्यासोबत रोवण्याला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, आजी कशी होती? ती म्हणाली, "त्यात का सांगाचं बापू? सारेच करत होते." मग जरा वेळाने आपणच सांगत सुटली. आजी पऱ्ह्यांची पेंडी सगळ्यांत लवकर संपवायची आणि मागे राहिलेल्या बाईच्या ओळीत जाऊन उभी राहायची. एका साली धान बुडाले तेव्हा तिने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि आजोबांना पुष्कळ दिवस कळू दिलं नाही. बांधीत उतरली की गाणं तीच काढायची.

आजी गाते, हे मला माहीत नव्हतं. मी ते वहीत लिहून घेतलं. चौथी ओळ तिथून सुरू केली आहे.