राक्षसाची कळ कुणाच्या हातात

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनचे छोटे प्रक्षेपक गावोगाव उभे राहिले आणि नांदेड-लातूरकडच्या पोरांना पहिला जपानी महाकाय रोबो भेटला. तोंडवळा इजिप्तच्या फारोसारखा, बोटांतून क्षेपणास्त्रं सुटायची आणि मनगटावरच्या घड्याळात बोलून जॉनी सोक्को नावाचा पोरगा त्याला हुकूम सोडायचा. हे ॲनिमेशन नव्हतं. पोशाखात शिरलेली माणसंच लढत होती, आणि मालिकाही १९६७ची, म्हणजे आपल्याकडे येईतो चांगलीच शिळी. तरी पोरं घड्याळाशी बोलायला लागलीच.

या रोबोचा जनक मित्सुतेरू योकोयामा. पण कुळ शोधायचं तर आणखी अकरा वर्षं मागे, त्याच्याच ‘तेत्सुजिन २८-गो’ या चित्रकथेकडे जावं लागतं. योकोयामा कोबे शहरातला. लहानपणी त्यानं बाँबफेकीत ते शहर बेचिराख झालेलं पाहिलं होतं. ती राख, जर्मनीच्या ‘व्ही’ अस्त्रांच्या गोष्टी आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’चा सिनेमा, यांतून तेत्सुजिन उभा राहिला. मुळात तो युद्धासाठी घडवलेलं हत्यार. त्याला चालवतो शोतारो नावाचा पोरगा, रिमोटनं. रिमोट चोराच्या हाती पडला की राक्षस चोराचा. त्याला स्वतःचं बरं-वाईट काहीच नाही. १९६३मध्ये तो पडद्यावर हलू लागला आणि या घराण्याची ॲनिमेशनमधली शाखा सुरू झाली.

पुढं रिमोट जाऊन मनगटावरचं घड्याळ आलं, ते आपण पाहिलं. मग चित्रकथाकार गो नागाई वाहतूक कोंडीत अडकला. आपल्या गाडीला हातपाय फुटून ती पुढच्या गाड्या ओलांडून गेली तर, असं त्याच्या मनात आलं आणि १९७२च्या ‘माझिंगर झी’मध्ये पोरगा थेट रोबोच्या डोक्यातच जाऊन बसला. माझ्या मते या प्रकाराची खरी मोहिनी इथंच आहे: ताकद पोराच्या अंगात येते, पण अंग मात्र पोराचंच राहतं.

दिग्दर्शक योशियुकी तोमिनोनं १९७९च्या ‘मोबाइल सूट गंडाम’मध्ये याचीच किंमत दाखवली. अमुरो रे पंधरा वर्षांचा. यंत्र त्याच्या बापाच्याच हातचं. पहिल्यांदा तो आपणहून चढतो, नंतर मोठी माणसं त्याला उतरू देत नाहीत. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांसाठी गाव सोडून खोली घेऊन राहणाऱ्या लेकराला हा अमुरो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

बावन्न भागांची ठरलेली ती मालिका त्रेचाळिसाव्या भागात गुंडाळली गेली. प्रेक्षक थोडे होते, पण कळ होती ‘क्लोव्हर’ या प्रायोजक खेळणी कंपनीच्या हातात. पुनःप्रक्षेपणानं पाहणारे वाढले, १९८०मध्ये ‘बांदाई’नं जोडायच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती बाजारात आणल्या, त्या हातोहात खपल्या आणि १९८१मध्ये गंडाम सिनेमागृहात पोचला. ‘क्लोव्हर’ १९८३मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘बांदाई’ मात्र त्या प्रतिकृती आजही विकते आहे.