कापसाची मर आणि कोबीचा धडा

१/ ज्या काळ्या मातीने अमळनेरला कापसाचा बाजार आणि प्रताप मिल दिली, त्याच मातीत कापसाचा वैरीही दडलेला होता : मर रोग.

२/ झाड तहानल्यासारखे सुकते, पण पाणी देऊनही सावरत नाही. खरी खूण आत असते. खोड उभे चिरले की रसवाहिन्यांत तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. हे काम फ्युजेरियम बुरशीचे. तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. फवारणी तिथवर पोहोचत नाही.

३/ अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या कोबीलाही याच बुरशीच्या एका जातभाईने ग्रासले होते. १९१० पासून एल. आर. जोन्स यांनी रोगट शेतांत तगलेले मोजके गड्डे निवडले आणि त्यांचे बी पुन्हा रोगट जमिनीतच पारखले. त्यातून ‘विस्कॉन्सिन हॉलंडर’ हा वाण घडला.

४/ आपल्याकडील कापूस संशोधकांनीही हीच वाट धरली. मरग्रस्त जमीन हीच कसोटी ठरली. १९३० च्या दशकात खानदेशाला ‘जरीला’ हा मररोधक वाण मिळाला.

५/ जुन्या गॅझेटियरमध्ये कापसाच्या वाणांची यादी आली, तर ते पान उलटण्याआधी क्षणभर थांबा. अशा एकेका नावामागे सुकून गेलेली शेते उभी असतात.