जुनी ओमनी किंवा इको घेताय? आधी इंजिन गार असताना बघा

मलकापूर-कराड भागात सात-आठ माणसांच्या घराला परवडणारी जुनी गाडी म्हटलं की ओमनी आणि इको ही दोन नावं हमखास निघतात. लग्नाचं वऱ्हाड, मिरजेचा दर्गा, दवाखाना आणि मधल्या दिवसांत दुकानाचा माल, सगळं तीच ओढते. 1984 मध्ये आलेली मारुतीची ही व्हॅन 2019 मध्ये बंद झाली, इको 2010 पासून चालू आहे. व्याजाचं कर्ज नको म्हणून बरीच घरं रोख जमवून गाडी घेतात, आणि जमवलेलं सगळं खरेदीतच घालतात. मग पहिल्याच मोठ्या कामाला उसनवारी करावी लागते.

मोठं काम बहुतेक वेळा इंजिन तापण्यातून निघतं. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर नाकाशी असतो. पाणी लांब पाइपांतून फिरतं. एखादा पाइप गळला, पंखा बंद पडला किंवा वॉटर पंप गेला तर गावात फिरताना कळत नाही. चिपळूणला पाहुण्यांकडे जाऊन भरलेल्या गाडीने परत येताना कुंभार्ली घाट चढायला लागलात की काटा वर जातो. तशीच रेटली तर हेड गॅस्केट जातं. वेळेत थांबलात तर पाइप किंवा पंपावर, दोन-तीन हजारांत भागतं. हेड उघडून फेसिंग करायचं म्हटलं की पाच ते दहा हजार, आणि पूर्ण इंजिन काम निघालं तर पंचवीस-तीस हजार धरा, इकोला त्याहून जास्त. हे बाहेरच्या गॅरेजचे ढोबळ अंदाज आहेत, पार्ट कुठल्या कंपनीचा यावर फरक पडतो.

म्हणून गाडी सकाळी, गार असताना बघायला जा. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं. पाण्यावर तेलाचा तवंग, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, किंवा गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर दिसला तर तो सौदा सोडा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगचं काम आलं.

बाकीचं त्या मानाने सोपं. क्लच प्लेट भार ओढून लवकर झिजते. ओमनीला तीन-चार हजार, इकोला पाच-सहा. गिअर टाकून गाडी सोडताना खालून ‘टक’ आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघायला लावा, हजार-दीड हजाराचं काम आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे मालकाला सांगता येत नसेल तर घेतल्याबरोबर बदला, कारण तो तुटला की गाडी जागेवर थांबते. सरकत्या दाराचे रोलर झिजतात, ती किरकोळ बाब.

गंज मात्र किरकोळ नाही. पायाखालची मॅट उचला, दाराखालची पायरी बोटाने दाबून बघा. पत्रा कुजला असेल तर वरचा चकचकीत रंग काही कामाचा नाही. गॅसवरची गाडी असेल तर किट आरसी बुकात चढलेलं हवं, आणि सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. घरगुती सिलिंडरवर चालणाऱ्या गाडीत लेकरांना बसवूच नका.

कागदांचा खर्चही किमतीतच धरा. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल 2022 पासून त्याचं शुल्क 5000 रुपये आहे, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट 2025 पासून 10,000. पर्यावरण कर वेगळा. एमएच 50 म्हणजे कराडची नोंद. गाडी सांगली किंवा कोल्हापूरची असेल तर पैसे देण्याआधी तिथल्या कार्यालयाची एनओसी मालकाकडून मागा. फॉर्म 29 आणि 30 वर त्याच्या सह्या तुमच्यासमोर झाल्या पाहिजेत.