दगड उलटण्याआधी

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तुम्ही अचलपूरच्या जागी उभे आहात. लाव्ह्याचा थर पसरतो, थिजतो, काही काळानं त्यावर दुसरा चढतो. याच काळ्या दगडातून पुढे गाविलगडचे डोंगर कोरले जाणार, त्यातून सापन नदी वाहणार. ज्या मेफ्लाय कीटकासाठी तुम्ही निघालात, त्याच्या पूर्वजांना पृथ्वीवर येऊन मात्र तेव्हाच वीस कोटींहून जास्त वर्षं झालेली आहेत.

पुढे सरका. डिसेंबर १८०३. बैल हंबरतात, दोर ताणले जातात. ब्रिटिश कर्नल स्टीव्हन्सनची फौज जड तोफा डोंगरातून लबाडा गावाकडे ओढते आहे. ओढ्यात चाकाखाली एक दगड कलतो. त्याच्या पोटाला चिकटलेलं चपटं पिल्लू सरकन अंधाऱ्या बाजूला जातं. पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारे कल्ले, मागे तीन शेपट्या. तुमच्याखेरीज ते कुणालाच दिसत नाही. सगळ्यांचं चित्त गाविलगडच्या किल्ल्यात. १५ तारखेला तो पडतो. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं युरोपातल्या मेफ्लायना नावं दिली, त्याला तोवर ४५ वर्षं झाली आहेत.

१९७४. मेळघाट आता व्याघ्र प्रकल्प आहे. ओल्या वाळूतल्या पंजावर काच धरून वनरक्षक ठशाची रेघ उतरवतो. हातभर अंतरावर पाण्यात तोच दगड. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, दक्षिणेत कीटकशास्त्रज्ञ के. जी. शिवरामकृष्णन कुर्तालम या ठिकाणावरून एका नव्या मेफ्लायला ‘पीटरसुला कुर्तालेन्सिस’ म्हणतात आणि ते नाव विज्ञानात कायमचं जातं.

आता आजचा दिवस. वनखात्याची परवानगी खिशात ठेवून तुम्ही दगड उलटता. पाठीवरच्या पंखकळ्या काळ्या पडलेलं पिल्लू निवडा. ते लवकरच उडणार. त्याला जाळीच्या डब्यात घालून वाहत्या पाण्यातच ठेवा आणि थांबा. मळकट पंखांचा जीव बाहेर येईल, मग पुन्हा एकदा कात टाकेल. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटक जगात हा एवढाच. त्याला आता खाताही येत नाही. जोडीदार शोधण्यापुरताच वेळ हाताशी आहे. कात आणि कीटक एकाच कुपीत, अल्कोहोलात ठेवा. पाण्यातलं पिल्लू आणि हवेतला नर एकाच जातीचे, याचा पुरावा तोच.

“काय पायता भाऊ?” काठावरून गुराखी विचारतो.

“याचं नाव काय, ते पायतो.”

ते आज कळणार नाही. लिनियसच्या १७५८ पासूनची वर्णनं ताडायची, संग्रहालयांतले नमुने बघायचे, नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. मग कदाचित ‘नवी जात’ म्हणता येईल. तोवर कुपीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घाला: सापन नदी, अचलपूरच्या वर, तारीख. नाव चुकलं तर पुढचा अभ्यासक दुरुस्त करील. ठिकाण चुकलं तर त्याला ओढाच सापडणार नाही.