कोलकात्याचे फुटबॉल : महाविद्यालयाच्या हिरवळीपासून सॉल्ट लेकपर्यंत

कोलकाता : देशातील सर्वांत मोठे फुटबॉल स्टेडियम कोलकात्याच्या पूर्व सीमेवर, सॉल्ट लेक उपनगरात आहे. विवेकानंद युवा भारती क्रीडांगण हे त्याचे अधिकृत नाव. ते जानेवारी १९८४ मध्ये खुले झाले. या शहरातील शाळकरी आणि महाविद्यालयीन मुले फुटबॉल खेळू लागली, त्याला तोवर शंभर वर्षे उलटून गेली होती. ज्या शहराने देशाला फुटबॉल शिकवले, त्या शहरातील प्रेक्षकाला बसायला हक्काची जागा मिळण्यासाठी एवढा काळ का लागला, याचे उत्तर खेळात कमी आणि जमिनीच्या मालकीत अधिक सापडते.

कलकत्ता विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये, मुंबई आणि मद्रास विद्यापीठांच्याच वर्षी झाली. विद्यापीठाची इमारत, प्रेसिडेन्सी कॉलेज आणि हेअर स्कूल या तिन्ही संस्था कॉलेज स्ट्रीटच्या परिसरात शेजारी शेजारी आहेत, आणि भारतीयांच्या फुटबॉलची सुरुवात याच परिसरातील मानली जाते. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी हा हेअर स्कूलचा विद्यार्थी १८७७ च्या सुमारास आईसोबत गंगास्नानाला निघाला असताना त्याने मैदानावर गोऱ्यांना चेंडू खेळताना पाहिले आणि आपल्याकडे आलेला चेंडू पायाने परत धाडला, अशी कथा बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुढे त्याने वर्गमित्रांकडून वर्गणी गोळा करून चेंडू आणला, तो निघाला रग्बीचा. शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक स्टॅक यांनी मुलांची ही धडपड पाहून त्यांना फुटबॉल मिळवून दिला आणि खेळाचे नियमही समजावले, असे या कथेत पुढे येते. तपशिलात थोडीफार भर पडली असेल. पण बंगालमध्ये हा खेळ छावणीच्या मैदानावरून शाळा-महाविद्यालयांच्या अंगणात आला आणि तिथून क्लबांकडे गेला, हा क्रम निर्विवाद आहे.

सर्वाधिकारी यांच्या बाबतीत आणखी एक घटना नोंदवली गेली आहे. त्यांच्या वेलिंग्टन क्लबात कुंभाराच्या घरातील मणी दास या खेळाडूला प्रवेश देण्यास काही सभासदांनी विरोध केला, तेव्हा त्यांनी तो क्लबच मोडीत काढला. १८८० च्या दशकात त्यांच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शोभाबाजार क्लबाने १८९२ मध्ये ट्रेड्स कप स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटच्या संघाला हरवले. भारतीय संघाने गोऱ्या पलटणीवर मिळवलेला हा पहिला गाजलेला विजय. १८९३ मध्ये इंडियन फुटबॉल असोसिएशनची, म्हणजे आयएफएची स्थापना झाली. त्याच दशकात बंगालचे नायब राज्यपाल सर चार्ल्स एलियट यांच्या नावाने महाविद्यालयांसाठी एलियट शील्ड ही स्पर्धा सुरू झाली.

हे सारे सामने ज्या जागेवर होत, ते कोलकात्याचे मैदान ही शहराची मोकळी जागा असली तरी ती कधीच शहराच्या मालकीची नव्हती. प्लासीच्या लढाईनंतर १७५८ मध्ये इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. किल्ल्यावरील तोफांना निर्वेध मारा करता यावा म्हणून भोवतालचे जंगल तोडण्यात आले, आणि त्यातून हे विस्तीर्ण मैदान तयार झाले. बंगालीत त्याला आजही ‘गडेर माठ’ म्हणजे गडाचे मैदान म्हणतात. मराठी वाचकाला त्यातील ‘गड’ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हा किल्ला सध्या लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. त्याचे नाव बदलून ‘विजय दुर्ग’ करण्यात आल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. हे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गावरून घेतलेले आहे.

जमीन लष्कराची असल्यामुळे मैदानावर पक्के बांधकाम करण्यास परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. म्हणून मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या बड्या क्लबांची कार्यालयेसुद्धा ‘टेंट’ या नावानेच ओळखली जातात. कलकत्ता विद्यापीठाचा टेंट आणि खेळाचे मैदानही याच परिसरात आहे. मुंबईत आझाद मैदान किंवा क्रॉस मैदानाच्या कडेला क्रिकेट क्लबांचे तंबू पाहिलेल्यांना हे चित्र परके वाटणार नाही. फरक एवढाच की कोलकात्यात या तंबूंसमोर हजारोंची गर्दी लोटत असे आणि तिच्यासाठी लाकडी फळ्यांच्या गॅलरीपलीकडे काही उभारता येत नसे.

या उणिवेची पहिली जाहीर प्रचिती २९ जुलै १९११ रोजी आली. आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानची गाठ ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी होती. मोहन बागानचे सुधीर चॅटर्जी वगळता बाकीचे दहाही खेळाडू अनवाणी. कलकत्ता फुटबॉल क्लबाच्या मैदानावर बसण्याची सोय मोजक्यांसाठीच, तीही मुख्यत्वे गोऱ्या सभासदांसाठी होती. प्रत्यक्षात आलेल्या लोकांचे अंदाज ६० हजारांपासून ८० हजारांच्या वर जातात. त्यांच्यासाठी खास रेल्वेगाडी आणि जादा आगबोटी सोडण्यात आल्या होत्या. यातील बहुसंख्यांना खेळ दिसलाच नाही. कोणी झाडांवर चढले. उरलेल्यांना गोलसंख्या कळावी म्हणून ती लिहिलेले पतंग उडवण्यात आले. एका गोलने पिछाडीवर पडलेल्या मोहन बागानला कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधून दिली आणि शेवटच्या काही मिनिटांत अभिलाष घोष यांच्या गोलने सामना २-१ असा जिंकला. एका राष्ट्रीय आनंदाची वार्ता तिथे हजर असलेल्या बहुतेकांनी पतंगावर वाचली, ही गोष्ट त्या विजयाच्या कौतुकात सहसा सांगायची राहून जाते.

विजय मिळाला तरी दारे लगेच उघडली नाहीत. १८९८ पासून चालू असलेल्या कलकत्ता लीगच्या प्रथम श्रेणीत मोहन बागानला प्रवेश मिळाला तो १९१५ मध्ये. १९३४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने ही लीग जिंकली आणि १९३८ पर्यंत सलग पाच वेळा आपल्याकडे राखली. प्रेक्षक वाढत गेले. गॅलऱ्या मात्र लाकडाच्याच राहिल्या. किल्ल्याकडील उंचवट्यावर उभे राहून फुकट सामना पाहणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला आणि त्या जागेला ‘रॅम्पार्ट’ हेच नाव पडले. पुढच्यांच्या डोक्यावरून खेळ दिसावा म्हणून पुठ्ठ्याचे पेरिस्कोप विकणारेही मैदानावर फिरत. आजच्या ज्येष्ठ बंगाली प्रेक्षकाच्या आठवणींत या दोन्ही गोष्टी हमखास येतात.

याच दिवसांत महाविद्यालये आणि क्लब यांच्यातील वाट सर्वाधिक रुळलेली होती. आंतरविद्यापीठ फुटबॉलचा राष्ट्रीय करंडक कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाने दिला जातो, यावरून या विद्यापीठाचे खेळातील वजन लक्षात येते. सर्वांत बोलके उदाहरण डॉ. तालीमेरेन आओ यांचे. नागा टेकड्यांतून वैद्यकीय शिक्षणासाठी आलेले आओ कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि मोहन बागानचे आधारस्तंभही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल संघाचे नेतृत्व त्यांनी केले, त्या वेळी त्यांचे वैद्यकीय शिक्षण पूर्णही झालेले नव्हते. पुढे ते नागालँडमध्ये वैद्यकीय सेवेत रमले. कलकत्ता विद्यापीठाकडून खेळलेले चुनी गोस्वामी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार होते. मुंबईकर क्रिकेटरसिकांना ते वेगळ्याच कारणाने आठवतील : १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी मुंबईविरुद्ध ९६ आणि ८४ धावा केल्या, आणि १९७१-७२ च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईपुढे उभ्या ठाकलेल्या बंगालचे ते कर्णधार होते.

स्वातंत्र्यानंतर स्टेडियमची मागणी जोर धरू लागली. पण मैदानावर परवानगी नाही आणि दाट वस्तीच्या शहरात दुसरी मोकळी जागा नाही, अशी अडचण कायम राहिली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कोलकात्यात ढाकुरियाच्या तलावाकाठी रवींद्र सरोवर स्टेडियम उभे राहिले, मात्र वीस-बावीस हजारांच्या त्या वास्तूत ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा सामना भरवणे शक्यच नव्हते. परिणामी मोठे सामने ईडन गार्डन्सवर खेळवले जाऊ लागले. क्रिकेटचा हंगाम संपला की तिथे फुटबॉलचे खांब रोवले जात. २४ सप्टेंबर १९७७ रोजी पेले यांचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ पावसाने भिजलेल्या ईडनवरच मोहन बागानशी खेळला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. १९८२ मध्ये पहिली नेहरू चषक स्पर्धाही इथेच झाली.

या दोहोंच्या मध्ये १६ ऑगस्ट १९८० हा दिवस येतो. ईडनवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यात लीगचा सामना होता. मैदानावर ईस्ट बंगालचे दिलीप पालित आणि मोहन बागानचे बिदेश बोस यांच्यात खटका उडाला व पंचांनी दोघांनाही बाहेर काढले. त्याचे पडसाद गॅलरीत उमटले. दोन्ही संघांचे समर्थक एकाच गॅलरीत मिसळून बसलेले होते. त्यांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था नव्हती. हाणामारी सुरू झाली, घाबरलेले लोक बाहेर पडण्यासाठी धावले आणि चेंगराचेंगरीत १६ जणांचा मृत्यू झाला. सकाळी घरून सामना पाहायला निघालेली ही माणसे होती. भांडण खेळाडूंनी सुरू केले हे खरे. पण पंचांच्या निर्णयावरून पेटलेले वाद जगभर रोज होतात. इथे जीव गेले, ते प्रेक्षकाच्या बसण्याचा आणि बाहेर पडण्याचा विचार व्यवस्थेने केलेला नसल्यामुळे. आयएफए हा दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळते आणि त्या दिवशी रक्तदान शिबिरे होतात. राज्य सरकारने २०२१ पासून याच तारखेला ‘खेला होबे’ दिवस साजरा करण्यास प्रारंभ केला.

या घटनेनंतर साडेतीन वर्षांनी सॉल्ट लेकचे स्टेडियम खुले झाले. त्याची जागा म्हणजे एकेकाळची खारी दलदल. डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना १९६२ मध्ये हुगळीतील गाळ नळांवाटे आणून ही दलदल भरण्याचे काम युगोस्लाव्हियाच्या कंपनीकडे देण्यात आले. या उपनगराला बिधाननगर हे नाव त्यांच्यावरूनच पडले. जमीन लष्कराची नाही, वस्ती विरळ, मोकळीक भरपूर. मैदानावर जे कधी शक्य झाले नाही ते इथे झाले : काँक्रीटच्या तीन मजली गॅलऱ्या आणि १ लाख २० हजार प्रेक्षकांची क्षमता. स्टेडियमला नाव दिले गेले ते १८८४ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांपूर्वी, कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेतलेल्या नरेंद्रनाथ दत्त यांचे. स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले गेलेल्या या पदवीधराने मद्रासच्या एका व्याख्यानात तरुणांना गीतेआधी फुटबॉलची वाट दाखवली होती.

जागा मिळताच गर्दी किती होऊ शकते, हे १३ जुलै १९९७ रोजी दिसले. फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ असे हरवले, भाईचुंग भुतिया यांनी तीन गोल केले आणि प्रेक्षकांची नोंद झाली १ लाख ३१ हजार ७८१. क्षमतेपेक्षा साडेअकरा हजारांहून अधिक! ईडनची आठवण असलेल्या शहरात हा आकडा अजूनही अभिमानाने सांगितला जातो, हे थोडे अस्वस्थ करणारे आहे. २००८ मध्ये जर्मनीचे गोलरक्षक ऑलिव्हर कान बायर्न म्युनिककडून इथे निरोपाचा सामना खेळले. २०११ मध्ये लिओनेल मेस्सी यांच्या नेतृत्वाखाली अर्जेंटिनाने व्हेनेझुएलाला १-० असे हरवले. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी स्टेडियमचे नूतनीकरण झाले. बाकांच्या जागी स्वतंत्र आसने आली, आणि क्षमता सुमारे ८५ हजारांवर उतरली. त्या स्पर्धेतील इंग्लंड-स्पेन अंतिम सामना ६६ हजार ६८४ प्रेक्षकांनी पाहिला. मे २०२४ मध्ये मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ असे नमवून इंडियन सुपर लीगचा चषक इथूनच नेला, तर पुढच्याच महिन्यात सुनील छेत्री यांनी कुवेतविरुद्ध आपला अखेरचा ठरवलेला आंतरराष्ट्रीय सामना याच हिरवळीवर खेळला.

ऑगस्ट २०२४ मध्ये या स्टेडियमसमोर जे घडले, त्याचा संबंध पुन्हा एका महाविद्यालयाशी होता. डॉ. आओ शिकले ते कारमायकेल महाविद्यालय १९४८ पासून आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. ९ ऑगस्ट रोजी तिथे एका प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. शहर रस्त्यावर उतरलेले असताना १८ ऑगस्टचा ड्युरँड चषकातील ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना सुरक्षेच्या कारणावरून रद्द करण्यात आला. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे आणि मोहमेडन स्पोर्टिंगचेही समर्थक आपापले झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर एकत्र जमले आणि न्यायाची मागणी करू लागले. पोलिसांनी लाठीमार केला. ज्यांना एका गॅलरीत बसवणे १९८० मध्ये जीवघेणे ठरले होते, ते या वेळी एका बाजूला उभे होते. स्पर्धेचा अंतिम सामना ३१ ऑगस्ट रोजी याच स्टेडियममध्ये झाला.

विद्यापीठांच्या वाट्याला मात्र स्टेडियम आले नाही. कलकत्ता विद्यापीठाचे तंत्रज्ञान संकुल आणि जादवपूर विद्यापीठाचे दुसरे संकुल सॉल्ट लेकमध्ये, युवा भारती क्रीडांगणाच्याच परिसरात आहे. यापैकी जादवपूर विद्यापीठाचे मैदान देशभरातील क्रीडारसिकांना ठाऊक आहे ते तिथे होणाऱ्या बंगालच्या क्रिकेट सामन्यांमुळे. कलकत्ता विद्यापीठाचे खेळाडू अजूनही किल्ल्यासमोरच्या मैदानावर, आपल्या टेंटपुढे सराव करतात.